पेटीचं जाकीट

खोळवाली नवऱ्याला मारते, ही बातमी आमच्या जिन्यात पहिल्यांदा आणली ती पहिल्या मजल्यावरच्या हेडबाईंनी. हेडबाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या, पण हजेरी घ्यायची खोड न सुटलेल्या बाई. कोण किती वाजता चढलं, कोण किती वाजता उतरलं, हातात काय होतं आणि तोंड कसं होतं, सगळं त्यांच्या ध्यानात. पुरावाही भक्कम होता. रोज दुपारी चारच्या ठोक्याला तिसऱ्या मजल्यावरून म्हाताऱ्याच्या आरोळ्या सुरू व्हायच्या. "अगं सोड! सावकाश सोड! मारशील मला!" मग काहीतरी करकचून घासल्याचा आवाज. मग धडाम. मग म्हातारा पुन्हा, रडकुंडीला येऊन, "गेली! गेली दरीत!" आणि त्यावर बाईचं थंड उत्तर, "गेली तर गेली. पुन्हा काढू."

आता पुन्हा काढू म्हणजे काय काढू? हेडबाईंनी यावर आठवडाभर डोकं चालवलं. "म्हातारा आंधळा आहे हो," त्या प्रत्येकीला थांबवून सांगायच्या, "दिसत नाही त्याला. कुठून फटका येणार ते तरी कळत असेल का?" शेवटी तीन बायका उशीच्या खोळीचं माप द्यायच्या निमित्ताने वर गेल्या. दार उघडंच होतं. आत म्हातारा खुर्चीत ताठ बसलेला, डोळे मिटलेले, एक हात टेबलावर पालथा. शेजारी खोळवाली. तिच्यापुढे टेबलाला आवळलेलं स्टिअरिंग, पायाखाली तीन पेडल, आणि समोर भल्यामोठ्या पडद्यावर एक ट्रक, अर्धा रस्त्यावर आणि अर्धा दरीत.

"या," खोळवाली मागे न बघता म्हणाली. "बसा, पण बोलू नका. आम्ही मागे घेतोय."

तर मारबीर काही नव्हता. सोडायचा होता तो क्लच, आणि दरीत गेली होती ती कॉम्प्युटरमधली गाडी. हेडबाईंचा अगदी विरस झाला. मारहाण असती तर निदान मध्ये पडून मिटवता तरी आली असती. त्या दिवसापासून जिन्यात खोळवाली दिसली की त्या मान तिरकी करून विचारायच्या, "काय, पोचली का गाडी?" आणि खोळवाली तिरप्या मानेला सरळ उत्तर द्यायची, "नाही अजून."

खोळवालीचं काम नावातच आलं. सोफ्याच्या खोळी, गाद्यांच्या, स्कूटरच्या सीटच्या, वाद्यांच्या. माप घेते ती नजरेने, टेप फक्त गिऱ्हाइकाच्या समाधानाला. तिच्या स्वतःच्या घरात उघडं असं काही राहत नाही. रेडिओला खोळ, रिमोटला खोळ, शिलाई मशीनला खोळ, आणि त्या खोळीवर धूळ बसू नये म्हणून वर आणखी एक प्लास्टिकची. दारावरच्या बेललासुद्धा तिने झालर लावली होती, तेव्हा पाहुणे महिनाभर दार ठोठावत होते. आता नवऱ्यालाच काय ती शिवायची राहिली, असं कोणी म्हटलं की ती म्हणायची, "शिवली असती. पण त्यांचं माप दर महिन्याला कमी होतंय."

नवऱ्याला सगळे उस्ताद म्हणतात. चाळीस वर्षं ट्रकवर. मग डोळ्यांत काचबिंदू उतरला. हा आजार मोठा लबाड. आधी बाजूचं पुसत नेतो, मग नळीतून बघितल्यासारखं दिसतं, आणि एक दिवस नळीचं तोंडही बंद. उस्तादांनी वर्षभर कोणाला कळू दिलं नाही, बायकोलाही नाही. शेवटी एका घाटात, चढावर, भरल्या गाडीने जाताना एका वळणावर समोर बस उगवली. आली नाही, उगवलीच. कसाबसा ब्रेक लागला. उस्तादांनी गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, स्वतः उतरून चाकांना दगड लावले, क्लीनरच्या हातात किल्ली दिली आणि क्लीनरच्या जागेवर जाऊन बसले. गाडी घाट चढून पलीकडे उतरली, पण ती उस्तादांनी उतरवली नव्हती. तो दिवस शेवटचा.

त्यानंतर घरात उस्तादांचे तीनच शब्द उरले. हो, नाही, आणि असू दे. जेवायचं का, हो. बाहेर खुर्ची टाकू का, नाही. कोणी भेटायला आलं नाही बऱ्याच दिवसांत, असू दे. उरलेला वेळ भिंतीकडे तोंड करून पडायचं. भिंत तरी कुठे दिसत होती म्हणा.

अशात खोळवालीच्या बहिणीचा मुलगा नोकरीसाठी लांब निघाला आणि जाताना आपली खेळायची पेटी मावशीकडे ठेवून गेला. एका बाजूला काच, आत रंगीत दिवे, तीन पंखे, सोबत पडदा, स्पीकर, स्टिअरिंग, पेडल, गिअरचा दांडा. "मावशी, अधूनमधून सुरू करत जा फक्त," एवढंच सांगून गेला. खोळवालीने खोळीसाठी नजरेने माप घेतलं आणि मग सुरू करून बघावी म्हणून बटण दाबलं. त्याचा ट्रकचा खेळ समोर आला, कुठेतरी हात लागला, आणि स्पीकरमधून इंजिन घरघरलं.

भिंतीकडचा माणूस कुशीवर वळला.

"कुठली गाडी आहे ही? इंजिन गुदमरतंय. चढावर तिसऱ्यात ओढतोय गाढव. दुसरा टाक म्हणावं त्याला."

चार महिन्यांतलं हे सगळ्यात लांब बोलणं. खोळवाली हातातला टेप तसाच धरून उभी राहिली. मग खाली बसून तिने क्लचचं पेडल कुठलं ते पायाने चाचपलं. पायमशीन तीस वर्षं चालवलेले पाय, आठ दिवसांत ती गाडी हाकायला शिकली. स्टिअरिंग तिच्या हातात, रस्ता तिच्या डोळ्यांत, पण गाडी उस्तादांच्या कानात. इंजिनाचा सूर चढला-उतरला की त्यांचा हुकूम सुटायचा. "दुसरा. आता नाही. थांब. हं, आता!" हुकूम चुकवला की तिला क्लीनर म्हणायचे. "ए क्लीनर, झोपलास काय?" आणि ती म्हणायची, "नाही उस्ताद, दिवसभर तुमचेच कपडे धुतले, डोळा लागला जरा."

एक दिवस त्यांनी विचारलं, "यात घाट आहे का गं?"

"आहे. चौदा वळणं दाखवतंय."

उस्ताद बराच वेळ गुडघा चोळत बसले. "मग तिकडे घे. भरल्या गाडीने. एकदा वर जाऊन पलीकडे उतरलो की झालं. मग तू ही पेटी बंद करून टाकलीस तरी माझं काही म्हणणं नाही."

घरातल्या माणसाने इतक्या वर्षांत मागितलेली ही एकच गोष्ट. खोळवालीने मनात गाठ मारली, आता घाट उतरायचाच.

पण दोनच दिवसांत उस्तादांनी कपाळाला आठी घातली. "मध्ये डास गुणगुणतोय एक. बारीक. त्याने इंजिन नीट लागत नाही कानाला." खोळवालीने आधी खरेच डास शोधले. धूर केला, टॉवेल झटकले, खिडकीला जाळी शिवली. डास काही जाईना. मग तिने पेटीला कान लावला. आत पंखे सूं सूं करत होते. सापडला चोर! आणि चोर सापडला म्हटल्यावर खोळवाली काय करणार? जे जन्मभर केलं तेच.

तीन दिवस मान मोडून तिने पेटीला जाकीट शिवलं. बाहेरून जाड कॅनव्हास, मध्ये दोन थर कापूस, आतून मखमल. वायरींना मागे झाकण असलेलं भोक, पुढे बटणाला कापलेलं काज. टाका इतका बारीक की लग्नाचा कोट असावा. घातलं, आणि खोलीत चिडीचूप.

"कसं आहे आता?" तिने विचारलं.

उस्तादांनी कान दिला. जरा थांबले. "हं. कमी झालं."

खोळवाली त्या दिवशी जिन्यातून उतरताना गाणं गुणगुणत होती, अशी नोंद हेडबाईंकडे आहे.

लहान मोठे माल पोचवून सहा आठवड्यांनी खेळाने भरल्या गाडीला घाट खुला केला, आणि पेटीने दगा द्यायला सुरुवात केली. घाटाच्या पाचव्या वळणाला गाडी आली की चित्र जागच्या जागी गोठायचं. इंजिनाचा आवाज एकाच सुरावर अडकायचा, कोणीतरी हॉर्नवर डोकं ठेवून झोपल्यासारखा. मग पडदा काळा, आणि पेटी आपली आपण पुन्हा सुरू. पहिल्या वेळी उस्ताद खूश झाले. "बिघडली? बिघडणारच! तेल-पाणी बघ, पट्टा बघ." गाडी बंद पडण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलेलं, त्यांना घरी आल्यासारखं वाटलं. पण नवव्या दिवशीही पाचव्याच वळणावर सूर अडकला, तेव्हा मात्र ते गुडघा चोळत राहिले.

भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "मावशी, पेटीतला ड्रायव्हर जुना झाला असेल, नवीन टाकून बघ." यावर घरातल्या म्हाताऱ्या ड्रायव्हरवरून जो विनोद व्हायचा तो कोपऱ्यावरच्या पत्र्याच्या खोपटातल्या दुरुस्तीच्या दुकानदाराने तिच्या आधी केला, म्हणून तिला त्याचा पहिल्या दिवसापासून राग.

या दुकानदाराला सगळे ठणठणीत म्हणतात. कुठलंही यंत्र परत देताना तो एकच शब्द बोलतो, "ठणठणीत!" माणूस हाताचा खरा, तोंडाचा फाजील. खोळवालीने पेटी आपल्या शिलाईच्या गठ्ठ्यासारखी पोटाशी धरून तीन मजले उतरवली आणि त्याच्या टेबलावर ठेवली. जाकीट अर्थात घरी. खोळ कधी मालाबरोबर जाऊ द्यायची नाही, हा तिच्या धंद्यातला पहिला नियम. गेलेली खोळ परत येत नाही, आणि आली तर डाग घेऊन येते. तेव्हा जाकीट काढून, घडी घालून कपाटात.

"काकू, काही नवीन बसवलंत का यात?"

"नाही."

"जागा बदललीत?"

"नाही."

"पाणीबिणी? उंदीर?"

"माझ्या घरात उंदराला शिरायला फट मिळत नाही."

सगळी उत्तरं खरी होती. ठणठणीतने पेटी उघडली आणि चाट पडला. "एवढी स्वच्छ पेटी मी जन्मात बघितली नाही. धुळीचा कण नाही हो!" खोळवालीने मान जराशी उंच केली, पण स्वतःची स्तुती स्वतःच्या तोंडाने कशाला, म्हणून गप्प राहिली. त्याने मेमरीच्या पट्ट्या काढल्या, पुसल्या, पुन्हा बसवल्या. मग पेटीला दिवसभर रगडलं. पडद्यावर डोंगर, झाडं, पाऊस, धूर, सगळं एकदम फिरवलं. पेटी हूं की चूं करेना. "ठणठणीत!"

घरी आली, जाकीट चढवलं, पाचव्या वळणावर गोठली.

दुसऱ्या खेपेला त्याने वीज देणारा डबा बदलला. दुकानात ठणठणीत, घरी पाचवं वळण. तिसऱ्या खेपेला मुख्य चिपवरचा वाळलेला लेप खरवडून नवा लावला आणि आतलं सगळं पुसून पहिल्यापासून भरलं. त्यात खेळातला त्यांचा सगळा प्रवासही पुसला गेला. घाटात भरली गाडी घेऊन जायची परवानगी मिळवायला दोघांना सहा आठवडे लागले होते, ते पाण्यात. खोळवालीने घरी येऊन सांगितलं, "पहिल्यापासून सुरू करावं लागेल."

"असू दे," उस्ताद म्हणाले.

हा शब्द परत आलेला तिने ऐकला. पण ती हरणारी नाही. तिने पुन्हा गावातल्या गावात रिकामी गाडी फिरवली, पुन्हा लहान मोठे माल पोचवले, उस्तादांना खुर्चीत ओढून बसवलं. पुन्हा घाटापर्यंत यायला पाच आठवडे गेले. आणि या वेळी तिने मापाच्या वहीत लिहायला घेतलं. कुठल्या दिवशी, कुठलं वळण. वही घेऊनच ती दुकानात गेली.

"हे बघ. गारठा होता त्या दिवशी सहावं वळण. उकाडा होता त्या दिवशी चौथं."

ठणठणीतने वही हातात घेतली आणि पहिल्यांदाच फाजीलपणा सोडला. "म्हणजे तापतेय. पण काकू, मग माझ्याकडे का तापत नाही? दुकान तर पत्र्याचं आहे." त्याने मान खाजवली. "उद्या मीच येतो घरी. तुमच्याकडेच बघू."

पाहुणा येणार म्हटल्यावर खोळवालीने काय करावं? जाकीट धुतलं, वाळवलं, इस्त्री केली, बटणं लावून पेटीला चढवलं. दुसऱ्या दिवशी चार वाजता, गाडी चालू असतानाच, ठणठणीत पेचकस घेऊन आला, टेबलाखाली वाकला आणि वाकलेलाच राहिला.

"हे काय आहे?"

"जाकीट."

त्याने हात लावला आणि झटकन मागे घेतला. मग फरशीवर बसला आणि हसत सुटला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. "काकू! मी तुम्हाला विचारलं होतं, काही नवीन बसवलंत का म्हणून!"

"बसवलं कुठे? घातलं," खोळवाली म्हणाली. "खोळ घालणं म्हणजे काही बसवणं असतं का रे?"

"अहो, तापाने फणफणलेल्या माणसाला तुम्ही दुलई पांघरलीत, आणि माझ्याकडे आणताना काढून आणलीत! मला रोग दिसणार कसा?"

खुर्चीतून उस्ताद म्हणाले, "इंजिनाला हवा लागते, एवढं तर क्लीनरलाही कळतं." त्यांना हसू आलं होतं. खोळवालीला आलं नाही.

जाकीट उतरवून त्यांनी गाडी काढली. पंखे मोकळे झाले आणि वादळासारखे घोंगावले. पाचवं वळण गेलं. सहावं गेलं. उस्ताद खुर्चीत पुढे सरकले. सातव्यावर झाडं हिरवी-जांभळी झाली, रस्त्याचे चौकोनी तुकडे पडले, आणि सूर अडकला. ठणठणीतचं हसणं केव्हाच संपलं होतं. चित्र काढणारं कार्ड आतून भाजलं गेलं, म्हणाला. महिनोन्महिने रोज थोडं थोडं. आता जाकीट काढून उपयोग नाही, दुसरं कार्ड आणायला हवं, आठ दिवस लागतील.

ते आठ दिवस उस्ताद भिंतीकडे होते. खोळवालीने जाकीट मांडीवर घेऊन आतली मखमल उलटी करून बघितली. एके ठिकाणी ती तपकिरी पडून कडक झाली होती. तिच्या हातचा आजवरचा सगळ्यात चांगला टाका, आणि त्यानेच घात केला.

आठ दिवसांनी नवं कार्ड बसलं. ठणठणीतने घरीच दोन तास पेटी रगडून दाखवली आणि तो शब्द उच्चारला. या वेळी तो खरा होता. पेटी पुन्हा एकदाही गोठली नाही. गोष्ट इथे संपायला काय हरकत होती? पण नाही.

दुसऱ्या दिवशी चारला दोघं बसली. सातवं वळण सुखरूप गेलं. आठव्याला चढ उभा. इंजिनाचा सूर खाली यायला लागला, पडद्यावरचा वेगाचा काटा उतरला, खोळवालीचा हात दांड्यावर, हुकमाची वाट बघत. हुकूम येईना. गाडीने आचका दिला, दोन उड्या मारल्या आणि बंद पडली.

"पेटी का?" उस्तादांनी विचारलं.

"नाही. गाडी."

पुन्हा काढली. पुन्हा आठव्यावर "दुसरा!" आला तो गाडी बंद पडल्यावर. खोळवाली म्हणाली, पंख्यांचा आवाज फार आहे, जाकीट नाही ना आता. तिने पेटी उचलून शेजारच्या खोलीत नेली, लांब वायरी दाराखालून ओढल्या, दार लावलं, फटीला कापडाची गुंडाळी लावली. खोलीत फक्त इंजिन उरलं. स्पीकर उस्तादांच्या कानाशी ठेवला.

"आता?"

"आहे अजून डास," उस्ताद म्हणाले. "असू दे. काढ गाडी."

आठव्यावर तिने हुकमाची वाट बघितली नाही. काटा उतरताना तिला दिसत होता. इतक्या महिन्यांत तेवढं तिलाही कळायला लागलं होतं. तिने गुपचूप दुसरा टाकला. त्यानंतर "दुसरा!" आला. "टाकला उस्ताद," ती म्हणाली. नववं. दहावं. प्रत्येक वेळी आधी तिचा हात, मग त्यांचा हुकूम, मग तिचं "टाकला". अकरावं वळण. तीन राहिली. वर पडद्यावर झाडं संपून आभाळ दिसायला लागलं होतं.

"मी सांगायच्या आत टाकतेयस तू," उस्ताद म्हणाले.

"छे हो."

"टेबलावर हात आहे माझा. गिअर पडला की लाकूड थरथरतं. लाकूड आधी थरथरतंय, मी मागून बोलतोय."

खोळवालीने स्टिअरिंग घट्ट धरलं. "तीनच वळणं राहिलीत. जाऊ द्या ना."

"तू जाशील. तुला येतंच आता." त्यांनी टेबलावरचा हात उचलून मांडीवर घेतला. "मी मग क्लीनरच्याच जागेवर ना?"

तिने गाडी कडेला घेतली. हँडब्रेक लावला. इंजिन चालू ठेवलं. "बरं, तुम्ही सांगा. मी थांबते. सांगाल तेव्हाच निघू."

उस्तादांनी स्पीकर उचलून कानाला लावला, मग दुसऱ्या कानाला. कितीतरी वेळ. "नाही गं लागत. नुसता डासच ऐकू येतो. बंद कर ते."

तिने पलीकडच्या खोलीत जाऊन पेटी बंद केली. भिंतीवरचं बटण बंद केलं. वायर उपटून हातात घेऊन परत आली. घरात इतकी शांतता होती की खाली हेडबाईंच्या नळाचं थेंब थेंब पाणी ऐकू यावं.

"केलंस बंद?"

"केलं."

"मग अजून कसं गुणगुणतंय?"

खोळवालीने त्यांचा हात धरून वायरीच्या टोकावर ठेवला. उस्तादांनी ती बोटांनी चाचपली. दोन्ही टोकं मोकळीच आहेत ना, म्हणून पुन्हा चाचपली.

"कधीपासून आहे हे?" तिने विचारलं.

"पहिल्यापासूनच. तू जाळी शिवलीस तेव्हाही होतं."

"मग जाकीट घातलं तेव्हा कमी झालं म्हणालात ते?"

"तीन दिवस मान मोडून शिवत होतीस," उस्ताद म्हणाले. "काय सांगणार होतो?"

कानाच्या डॉक्टरांकडे दोन खेपा झाल्या. ऐकण्याची शीर वाळत चालली आहे, डोळ्यांचं झालं तसंच, हळूहळू. यंत्र लावलं तर समोरच्याचं बोलणं जरा कळेल. डास जाणार नाही. औषध? डॉक्टरांनी फक्त मान हलवली. उस्तादांना ती दिसली नाही, म्हणून खोळवालीला ती कानात मोठ्याने सांगावी लागली, भरल्या दवाखान्यात.

"असू दे," उस्ताद म्हणाले.

काल दुपारी चारच्या सुमाराला खोळवाली पेटी घेऊन जिना उतरत होती. भाच्याने फोनवर सांगितलं होतं, ठेवून कशाला घेतेस, ठणठणीतला देऊन टाक, कोणी तरी खेळेल. पेटी नव्या कार्डाने पहिल्यापेक्षा जड झाली होती आणि बाई पहिल्यापेक्षा दमली होती. पहिल्या मजल्याच्या वळणावर तिने बूड टेकलं आणि पेटी मांडीवर घेतली. पेटीच्या अंगात जाकीट होतं, सगळी बटणं लावलेलं. जन्मात पहिल्यांदा तिची खोळ मालाबरोबर चालली होती. जिना अरुंद. वर जायची वाट पूर्ण अडली.

हेडबाई भाजीची पिशवी घेऊन खालून आल्या आणि दोन पायऱ्या खाली थांबल्या. बाजूने जाता येतंय का बघितलं, पेटीकडे बघितलं, जाकिटाकडे बघितलं. वाट मागायच्या आधी तोंडात बसलेलं वाक्य निघालंच, मानही तिरकी झाली.

"काय, पोचली का गाडी?"

खोळवालीने जाकिटाचं वरचं बटण पुन्हा एकदा लागलंय ना ते बघितलं.

"नाही पोचली. अकराव्या वळणावर उभी आहे, हँडब्रेक लावून. तुम्हाला घाई असेल तर बाजूने काढा."